दुसरं बोलावणं

इंदूरच्या सामन्याची तीन तिकिटं एका स्टँडमध्ये मिळाली आणि चौथं दुसऱ्यात. कसोटी सामन्याला आजकाल कोण जातं, असं म्हणत आम्ही बुकिंगला उशीर केला, आणि शनिवार-रविवारच्या जागा भराभर भरल्या. धुळ्याच्या आमच्या होस्टेलच्या खोलीत आम्ही चौघं एका मोबाईलभोवती बसलो होतो. बॉलर म्हणाला, “आता तिकडे एकटा कोण बसणार?”

मी लगेच म्हणालो, “मी बसतो. मला काय, कुठेही चालतं.”

“वा! मिटला प्रश्न,” तो म्हणाला आणि तिकिटं बुक झाली.

खरं सांगायचं तर बोलून झाल्यावर मी थोडा थांबलो होतो. कुणीतरी म्हणेल, ‘अरे असं कसं, दोन दिवस आहेत, आळीपाळीने बसू.’ कुणी म्हणालं नाही. त्यांची त्यात काही चूक नव्हती. मी चालतं म्हणालो, त्यांनी चालतं असं धरलं.

या तिघांची नावं मी लिहीत नाही. बॉलर कॉलेजच्या टीममध्ये मध्यमगती गोलंदाजी करतो आणि जेवतानाही मनगट फिरवत असतो. डॉक्टर आमच्यासोबत इंजिनिअरिंगच करतो, पण त्याच्या वडिलांचा शहरात दवाखाना आहे म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. घर धुळ्यातच, पण तिथून कॉलेज लांब पडतं म्हणून तो होस्टेलवर राहतो. तिसरा भाचा. त्याची मावशी इंदूरला असते, आम्ही तिच्याकडेच उतरणार होतो, म्हणून या सहलीपुरता तो सगळ्यांचा भाचा झाला.

मी साक्रीकडच्या एका लहान गावातला. वडिलांची पिठाची गिरणी आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. पहिल्या वर्षी मला साध्या साध्या गोष्टी माहीत नव्हत्या. व्हायवा म्हणजे काय, ते मी व्हायवाच्या आदल्या दिवशी डॉक्टरला विचारलं. तो हसला नाही. बसून सांगितलं त्याने. तेव्हापासून मी त्याच्याबरोबर, आणि त्याच्यामुळे बाकीच्या दोघांबरोबर फिरायला लागलो. दीड वर्ष झालं होतं. तरी मी त्यांच्यातला एक आहे की त्यांच्याबरोबर असलेला एक आहे, हे मला नीट कळलेलं नव्हतं.

ते कळायची वेळ जवळ आली होती. आमच्या होस्टेलमध्ये दोनच वर्षं राहता येतं. जूनपासून प्रत्येकाने बाहेर रूम बघायची. डिसेंबरमध्ये एकदा कॅन्टीनमध्ये डॉक्टर म्हणाला होता, “पुढच्या वर्षी रूम करू आपण. तू पण ये रे.” मी हसलो आणि चहाच्या ग्लासात बघत राहिलो. मला इतका आनंद झाला होता की त्याच संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं, राहायची सोय झाली. आईने ते गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बायकांनाही सांगितलं.

मग मी वाट बघू लागलो. इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर मी नुसता बावळट वाटेन. आमच्या गावात लग्नाचं किंवा कुठल्याही कार्याचं आमंत्रण घरी येऊन देतात. पण ते दिलं म्हणून कुणी उठून जेवायला जात नाही. स्वयंपाक तयार झाला की त्या घरचा माणूस पुन्हा दारोदार फिरतो आणि म्हणतो, “चला, पानं मांडली.” हे दुसरं बोलावणं. ते आल्यावरच पायात चपला घालायच्या. पहिल्या आमंत्रणावरच जाऊन बसणाऱ्याला आमच्याकडे हावरट म्हणतात. एकदा माझ्या वडिलांना शेजारच्या बारशाचं दुसरं बोलावणं आलं नाही. गडबडीत राहून गेलं असेल. आम्ही सगळे नवे कपडे घालून घरात बसलो होतो, आणि शेवटी आईने चूल पेटवली. शेजारी दुसऱ्या दिवशी हात जोडून आले. वडील त्यांना म्हणाले, “काही नाही हो, भूकच नव्हती.”

तेव्हा डॉक्टरचं कॅन्टीनमधलं बोलणं हे माझ्या हिशेबी आमंत्रण होतं. आता दुसरं बोलावणं यायचं होतं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. ते तिघं अधूनमधून रूमबद्दल बोलायचे, पाणी कसं आहे, कॉलेज किती लांब पडतं. मी कान देऊन ऐकायचो. थेट माझ्याकडे बघून कुणी काही म्हणत नव्हतं. इंदूरचं ठरलं तेव्हा मी मनात धरलं की दोन-तीन दिवस एकत्र असू, तिथे विषय निघेलच. क्रिकेट मला आवडतं, पण मी क्रिकेटसाठी गेलो नव्हतो.

शुक्रवारी दुपारी बसने निघालो. गाडीत बॉलर आणि भाचा पुढे, डॉक्टर आणि मी मागे. शिरपूर गेलं, घाट गेला, खलघाटला नर्मदा आली. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. डॉक्टर बराच वेळ झोपला होता. इंदूरच्या अलीकडे राऊ आलं तेव्हा तो जागा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉलेजांच्या मोठमोठ्या पाट्या, खांबांवर ‘रूम खाली है’ आणि ‘घर जैसा टिफिन’ असे कागद चिकटवलेले. डॉक्टर बाहेर बघत म्हणाला, “आपल्या रूमला खिडकी पूर्वेला आहे. सकाळी झोपू देणार नाही.”

म्हणजे रूम सापडली होती. आपल्या म्हणजे कुणाच्या, एवढंच विचारायचं होतं. मी म्हणालो, “पडदा लावला की झालं.”

“हो ना,” तो म्हणाला.

तेवढ्यावर मी खूश होऊन बसलो.

मावशीचं घर पलासियाच्या मागे, जुन्या तीनमजली इमारतीत. ती धुळ्याची, लग्न होऊन इंदूरला आली त्याला तीस-एक वर्षं झाली. तिचे सासरचे पिढ्यानपिढ्या इथलेच. तिचं मराठी निम्मं इथलं होतं. दार उघडताच म्हणाली, “आलात? जूते बाहेरच काढा. आधी कचोरी गरम आहे ती खाऊन घ्या, फिर आराम से बैठो.” मग माझ्याकडे बघून भाच्याला विचारलं, “हा कोण? बोलत नाही का?”

“मावशी, ते आमचे मौनीबाबा,” बॉलर म्हणाला. “गुरुवारी मौनव्रत असतं. बाकीचे दिवस सवयीने गप्प बसतात.”

सगळे हसले. मीही हसलो. मावशीने माझ्या बशीत आणखी एक कचोरी ठेवली. मी “नको” म्हणायच्या आत ठेवली, म्हणून ती खाता आली.

शनिवारी सकाळी स्टेडियमपाशी आम्ही वेगळे झालो. त्यांचं गेट एका रस्त्याला, माझं मागच्या. डॉक्टर म्हणाला, “संपलं की त्या रसाच्या गाडीपाशी भेटू.” ते तिघं रांगेत शिरले. बॉलरने भाच्याच्या खांद्यावर हात टाकला होता. मी माझ्या गेटकडे चालत गेलो.

मॅच मी आयुष्यात पहिल्यांदा मैदानात बसून बघत होतो. टीव्हीवर सगळं जवळ दिसतं, कुणीतरी बोलत असतं, काय झालं ते पुन्हा दाखवतात. इथे गोलंदाज धावत यायचा, काहीतरी व्हायचं, लोक ओरडायचे आणि मी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचो. चेंडू पहिल्या तासापासून वळत होता. माझ्या उजव्या हाताला चाळिशीचे एक गृहस्थ बसले होते, टोपीखाली ओला रुमाल घेतलेला. त्यांचं पोलोग्राउंडला लहानसं वर्कशॉप होतं, हे त्यांनी बसल्याबसल्याच सांगितलं होतं.

“ये पिच नहीं है भिया, खेत है,” ते म्हणाले. “किसी ने रात में हल चला दिया.”

मी हसलो.

“अकेले आए?”

“नहीं, दोस्त हैं. सामने बैठे हैं.”

माझ्या हिंदीवरून त्यांनी ओळखलं. “अरे, मराठी? मग मराठीत बोल ना. मित्र समोर आणि तू इकडे? भांडलात काय?”

“नाही नाही. तिकिटं तशी मिळाली.”

“मग बदलून घे कुणाशी. जा, विचार तिकडे कुणाला. टेस्ट मॅच आहे, आधा स्टेडियम तर फिरतच असतो.”

मी म्हणालो, “राहू दे, इथून चांगलं दिसतंय.”

ते खांदे उडवून पुन्हा मैदानाकडे वळले. जेवणाच्या सुट्टीत ते समोसे घेऊन आले आणि कागद माझ्यापुढे धरला. “ले.”

“नको, नको.”

“बरं,” ते म्हणाले आणि दोन्ही समोसे खाल्ले. मला भूक लागली होती. आता हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला वाईट वाटलं. पुन्हा एकदा म्हणाले असते तर घेतला असता. स्टॉल दहा पावलांवर होता. मी उठून गेलो नाही, जागा जाईल म्हणून. जागेवर माझा नंबर लिहिलेला होता.

समोरच्या स्टँडमध्ये सगळेच निळे दिसत होते. खेळाडू पांढऱ्या कपड्यांत होते, तरी लोक निळ्या जर्सीच घालून आले होते, आमचे तिघंही. मी डोळे बारीक करून ओळी बघत होतो. एका ठिकाणी तिघं शेजारीशेजारी उभे राहिलेले दिसले, एक जण हवेत हात फिरवत होता, बॉलरसारखा. मी उठून हात वर केला. नेमकी त्याच वेळी स्टेडियममध्ये लाट सुटली होती. एकेक स्टँड हात वर करून उठत होता आणि ती फिरत फिरत आमच्याकडे आली. माझा हात लोकांना लाटेतलाच वाटला असणार. समोरचेही सगळे हात वर करून उभे होते. लाट पुढे गेली, सगळे बसले, मीही बसलो.

चहापानाला फोन लावला, लागेना. एवढ्या गर्दीत नेटवर्क कुठलं. ‘दिसताय का?’ असा मेसेज टाकला, तो गेलाच नाही.

संध्याकाळी रसाच्या गाडीपाशी ते आधीच पोहोचले होते. तिघं उन्हाने लाल झालेले, एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होते. त्यांच्या मागे एक आजोबा बसले होते, प्रत्येक विकेटला शंख वाजवायचे, आणि भाच्याच्या कानाजवळच वाजवायचे. तो प्रसंग त्यांनी मला दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा सांगताना त्यांना पहिल्यापेक्षा जास्त हसू आलं. “तू असायला पाहिजे होतास,” बॉलर म्हणाला. तो ते मनापासूनच म्हणाला.

रात्रीच्या जेवणाआधी मावशीने माळ्यावरून एक पेटी काढायला लावली. तिच्यात भांडी होती. एक कुकर, पोळपाट, दोन पातेली. ती जमिनीवर मांडत भाच्याला म्हणाली, “हे तुमच्या रूमसाठी काढून ठेवलंय. कुकरची रिंग नवी टाकून घ्या. ताटं किती देऊ? तुम्ही चौघं ना?”

मी पेटीचं झाकण धरून उभा होतो.

भाचा म्हणाला, “नाही मावशी, तिघं. याचं वेगळं आहे.”

“वेगळं म्हणजे?”

“म्हणजे... त्याचं तो बघतोय ना,” भाचा म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. डॉक्टरनेही बघितलं. बॉलर कुकरच्या शिट्टीशी खेळत होता, तो थांबला. मला आता वाटतं की त्या वेळी तिघंही माझ्या बोलण्याची वाट बघत होते. तेव्हा मला वाटलं, ते मी किती हलका माणूस आहे ते बघतायत.

“हो,” मी म्हणालो. “माझं वेगळं आहे.”

मावशीने तीन ताटं, तीन वाट्या, तीन पेले काढून बाजूला ठेवले. जुन्या चादरीत ते सगळं बांधायला तिला मदत मीच केली. मला गाठ चांगली मारता येते. गिरणीत पोत्यांच्या बांधून बांधून हात बसलाय.

जेवताना काका, म्हणजे मावशीचे यजमान, सामन्याबद्दल विचारत होते. मी ताटाकडे बघत होतो. माझं वेगळं काय आहे, याचा मी विचार करत होतो. आईला आता काय सांगायचं, याचाही. तिने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

रविवारी उन्हं नीट चढायच्या आत सामना संपला. तिसराच दिवस, जेवणाची सुट्टीही झाली नव्हती. वर्कशॉपवाले गृहस्थ त्या दिवशी नव्हते, त्यांच्या जागेवर एक कुटुंब होतं. त्यांच्यातल्या लहान मुलीला संपलं म्हणजे काय ते कळेना. ती विचारत होती, “पर अभी तो आए हैं ना, पापा?” तिचे वडील म्हणाले, “हाँ बेटा, ये भी अभी आए थे और चले गए,” आणि फलंदाजांच्या ड्रेसिंग रूमकडे बोट दाखवलं. आजूबाजूचे सगळे हसले.

मी रसाच्या गाडीपाशी येऊन उभा राहिलो. लोंढा बाहेर पडत होता. निळ्या जर्सी जात होत्या, मी प्रत्येकीकडे बघत होतो. गर्दी कमी झाली, मग तुरळक झाली. रसवाल्याने यंत्र बंद करून चिपाडं गोळा केली. मला म्हणाला, “भिया, अब कोई नहीं आएगा.” तो गिऱ्हाइकांबद्दल बोलत होता.

मग मी चालत मावशीच्या घरी निघालो. दुकानं उघडी होती, लोक रविवारची खरेदी करत होते. सगळीकडे दोन-दोन, चार-चार माणसं. एका गाडीवर पोहे शेवटचे चालले होते, लोक उभ्या उभ्या खात होते आणि कुणी कुणाला बोलवत नव्हतं. प्रत्येक जण हात पुढे करून “एक प्लेट” म्हणायचा आणि त्याला मिळायची. मी ते जरा वेळ उभा राहून बघितलं.

घरी काका पेपर वाचत होते. “पाच दिवसांचा सामना आणि तुम्ही वन-डे बघून आलात,” ते म्हणाले. “बाकीची फौज कुठाय?”

“येत असतील.”

“भाच्याने मला फोन केला होता,” मावशी आतून म्हणाली, “छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत खाऊन येतायत. तुला लावत होते, लागत नव्हता म्हणे. त्यांना वाटलं तू घरीच आला असशील.” तिने ओट्यावर दोन ताटं घेतली. काकांचं जेवण झालं होतं. “चल, आपण बसू.”

“ते येऊ देत, मग बसतो.”

“ते खाऊनच येणार आहेत. बस.”

“नको मावशी, भूक नाही तेवढी.”

मावशी भाताचा डाव हातात घेऊन उभी राहिली. मग वेगळ्याच आवाजात, अगदी आमच्याकडच्या बायकांसारखं म्हणाली, “चला, पानं मांडली.”

मी खाली बसलो. ती ताटात वरण वाढत म्हणाली, “मी पण तिकडचीच आहे ना. मला काय माहीत नाही का? लग्न होऊन या घरात आले, तर पहिल्या दिवशी सगळे आपापलं ताट घेऊन बसले. मी आतल्या खोलीत साडी सावरून बसलेली. आता बोलवतील, मग बोलवतील. कुणी येईना. सासूबाई बाहेर म्हणत होत्या, बहू को भूख नहीं होगी, थकली असेल, झोपू दो. वाईट नव्हत्या हां त्या. जीव लावला पुढे त्यांनी. पण इथे पद्धतच नाही. भूक लागली तो आओ, बैठो.”

“मग?”

“मग काय. दोन दिवस अर्धपोटी काढले. तिसऱ्या दिवशी मीच ताट घेतलं आणि जाऊन बसले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.” तिने स्वतःच्या ताटात भात घेतला. “पण तुला सांगू, अजून वाटतं. एकदा तरी कुणी आत येऊन म्हणायला पाहिजे होतं.”

आम्ही जेवत होतो. मी म्हणालो, “मावशी, माझं वेगळं काही नाही. मलाही त्यांच्याबरोबर राहायचं होतं.”

“मला कळलं काल,” ती म्हणाली. “गाठ मारत होतास तेव्हा. पण मला सांगून काय उपयोग? त्यांना बोल.” मग पोळी मोडता मोडता म्हणाली, “आता बोललास तरी मिळेलच असं नाही हां. ते मी नाही म्हणत.”

तिघं आले तेव्हा आमचं जेवण संपत आलं होतं. बॉलर दारातूनच म्हणाला, “अरे मौनीबाबा, कुठे गायब? आम्ही तुझ्या नावाने एक शिकंजी जास्त प्यायलो.”

मी हात धुतले नव्हते. तसाच बसून म्हणालो, “मला तुमच्या रूमवर यायचं होतं.”

ते बूट काढता काढता थांबले.

“कधी? आज?” बॉलरला कळलं नाही.

“जूनपासून. राहायला.”

काकांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर केला. भाचा म्हणाला, “पण तू तर काल म्हणालास...”

“काल खोटं म्हणालो.”

“भो, डॉक्टरने तुला डिसेंबरमध्येच विचारलं होतं,” बॉलर म्हणाला. “माझ्यासमोर. तू नुसता हसलास.”

“हो. मला वाटलं, तुम्ही पुन्हा विचाराल.”

“पुन्हा? का?”

मी त्यांना दुसऱ्या बोलावण्याबद्दल सांगायचा प्रयत्न केला. गावात ते सांगावं लागत नाही, म्हणून ते कसं सांगतात हे मला माहीत नव्हतं. मधेच मला ऐकू आलं की ते किती विचित्र वाटतंय. बॉलर म्हणाला, “म्हणजे तुला अक्षता घेऊन यायला पाहिजे होतं का आम्ही?” आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, “सॉरी यार. तसं नाही म्हणायचं मला.”

मग डॉक्टर बोलला. “मालकाशी तिघांचंच ठरलंय. एकच खोली आहे आणि स्वयंपाकघर. तो चौघं नको म्हणालाय, आधीच. मी पहिल्यांदा विचारलं होतं त्याला, चार चालतील का म्हणून.”

“बरं,” मी म्हणालो.

“तू बोलला असतास तर दुसरी शोधली असती रे तेव्हाच. आता परीक्षेच्या तोंडावर...” त्याने वाक्य पुरं केलं नाही.

मावशी म्हणाली, “हात धू. ताक घे.” मी हात धुतले आणि ताक घेतलं. मला वाटलं होतं की बोललो की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. फक्त आता सगळ्यांना माहीत होतं. तेवढाच फरक पडला होता.

दुपारी परतीची गाडी मिळाली. पुढच्या दोन जागा बॉलर आणि भाच्याने घेतल्या. भांड्यांचं बोचकं त्यांच्या पायाशी होतं आणि खड्डा आला की आतून वाजायचं. मी मागे खिडकीशी बसलो. डॉक्टर उभाच होता थोडा वेळ, मग माझ्या शेजारी येऊन बसला. सेंधवा येईपर्यंत आम्ही सामन्याबद्दल बोललो, मग तेही संपलं. बाहेर संध्याकाळ होत आली होती.

बिजासनच्या घाटात ट्रकांची रांग लागली होती. गाडी हळू झाली तेव्हा तो म्हणाला, “मी वाट बघितली होती.”

“कशाची?”

“तुझी. कॅन्टीनमध्ये विचारल्यावर. चार-पाच दिवस. मला वाटलं, सांगशील. तू काहीच बोलला नाहीस. मग मला वाटलं, याला आपल्यात नाही राहायचं. आम्ही गोंधळ घालतो, तुला अभ्यास करायचा असतो.” तो समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलत होता. “थोडं वाईट वाटलं होतं मला.”

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या गप्प बसण्याने कुणाला वाईट वाटू शकतं, आणि तेही डॉक्टरला.

“तू कधी काही मागतच नाहीस,” तो म्हणाला. “तिकीट तिकडचं, तरी चालतं. खाणं नको, गाडीत कुठलीही सीट चालते. मला वाटायचं, तुला आमची गरज नाही वाटत.”

“वाटते,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. धुळं येईपर्यंत तो माझ्या शेजारीच बसून राहिला.

धुळ्याला उतरलो. बोचकं डॉक्टरच्या घरी ठेवायला ते तिघं गेले. मी होस्टेलकडे चालायला लागलो. आमच्या वर्गात अजून कुणाकुणाची रूम ठरायची राहिली आहे, हे मी चालता चालता आठवत होतो. दोन-तीन चेहरे डोळ्यांसमोर आले. त्यांच्याशी मी आजवर फारसा बोललो नव्हतो.